एनव्हीडीए स्क्रीन रीडर: पतपेढीच्या टेबलावरून

पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, पूर्ण फुकट आहे आणि शिकायला अवघड आहे. अवघडपणाचं आधीच सांगते, कारण माझ्या ओळखीतल्या दोघातिघांनी ते उतरवून घेतलं, आठवडाभर त्या आवाजाला वैतागले आणि काढून टाकलं. आणखी थोडं थांबले असते तर, असं मला मनापासून वाटतं.

मी भांडुपच्या एका पतपेढीत हिशेब बघते. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं कमी होत गेलं, आणि शेवटी खतावणीचे रकाने एकमेकांत मिसळायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही. घरात सगळ्यांचं एकच मत पडलं, नोकरी सोड. मला नोकरी तर सोडायची नव्हतीच, शिवाय जीडीसी अँड ए व्हायचं होतं. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाच्या कामाला ही पदविका लागते, आणि ते माझं कितीतरी वर्षांपासून मनात होतं.

सुरुवातीचे दिवस खरंच जड गेले. ईस्पीक नावाचा जो आवाज सोबत येतो तो कोरडा, यंत्राचा. माऊस बाजूला ठेवायचा, सगळं कीबोर्डवर. कुठली कळ काय करते हे लक्षात राहीना, आणि आवाज थांबेना. (कंट्रोल दाबलं की तो गप्प होतो. हे सगळ्यात आधी शिका.) संध्याकाळी डोकं दुखायचं. मी ठरवलं होतं की रोज ऑफिस सुटल्यावर थोडा वेळ तरी बसायचं, कंटाळा आला तरी. वेग अगदी हळू ठेवला आणि कान सरावेल तसा वाढवत नेला. आता मी ज्या वेगाने ऐकते त्यात माझ्या मुलीला एक शब्द कळत नाही. आणि तेव्हाच समजलं की तो कोरडा आवाज का ठेवलाय. गोड, माणसासारखे आवाज वेग वाढवला की गुळमुळीत होतात. हा शेवटपर्यंत अक्षर न् अक्षर सुटं ठेवतो.

बनवणाऱ्यांना ही अडचण आतून माहीत आहे, हे वापरताना जाणवतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये याचं काम सुरू केलं, पुढे जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र सोबत आला. विकतचे स्क्रीन रीडर महाग होते, म्हणून आपणच बनवू आणि फुकट देऊ, एवढा साधा हट्ट. इन्सर्ट आणि १ दाबून बघा: मग कुठलीही कळ दाबली तरी ती काही बिघडवत नाही, फक्त आपलं काम सांगते. नवख्याला भीती कशाची वाटते हे ज्याने अनुभवलंय त्यालाच ही सोय सुचणार.

माझं खरं काम एक्सेलमध्ये. कर्जखात्यांची यादी, उभे रकाने बारा-पंधरा. बाणाची कळ दाबत गेलं की नुसते आकडे कानावर पडतात, हप्ता कुठला आणि थकबाकी कुठली ते कळत नाही. मग एका प्रशिक्षकांनी दाखवलं: शीर्षकाच्या ओळीतल्या पहिल्या चौकटीत जाऊन इन्सर्ट, शिफ्ट आणि सी. त्यानंतर आडवं सरकताना प्रत्येक आकड्याआधी तो रकान्याचं नाव घेतो. ‘थकबाकी’, मग रक्कम. त्या दिवशी मी माझी माझी यादी तपासली, कुणाला शेजारी न बसवता. शंका आली तर नंबरपॅडचा ५ दोनदा दाबायचा, शब्द अक्षराअक्षराने सुटा होऊन ऐकू येतो. सभासदांची आडनावं तपासायला मी हेच वापरते.

उणिवाही आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच एनव्हीडीएच्या हातात नाहीत. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी परिपत्रक उघडलं तर कानावर निरर्थक इंग्रजी अक्षरं येतात. स्कॅन करून पाठवलेली पीडीएफ म्हणजे त्याच्या लेखी नुसतं चित्र. मराठी असेल तर मी ती गूगल ड्राइव्हवर चढवून मजकूर काढून घेते, चुका दुरुस्त कराव्या लागतात. काही सॉफ्टवेअरमध्ये बटणांना नावंच दिलेली नसतात, तिथे ते बिचारं नुसतं ‘बटन, बटन’ म्हणत राहतं. ईस्पीकचं मराठी समजतं, पण उच्चार परका वाटतो, जोडाक्षरांत अडखळतो. या बाबतीत खूप काम बाकी आहे.

परीक्षेचा अभ्यास याच्यावरच केला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा कायदा मी पानं उलटून कधीच वाचला नसता इतक्या वेळा ऐकला. कलम ८१ लेखापरीक्षणाचं, १०१ वसुलीच्या दाखल्याचं. शोधायची सोय असल्यामुळे कलमावर थेट उडी मारता येते. पेपर लेखनिकाकडून लिहून घ्यायचा, तासाला २० मिनिटं जादा वेळ. तोंडाने उत्तर सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि पहिल्या खेपेला लेखापरीक्षणाचा पेपर त्यातच गेला. आठ दिवस कशातच मन लागलं नाही. मग पुन्हा फॉर्म भरला, आणि या वेळी रोज एक उत्तर मोठ्याने सांगून मुलीकडून लिहून घेतलं. पेपर सुटला.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील नजर नसताना आयएएस झाल्या, त्यांनी जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर वापरला होता. ऑफिस पैसे देणार असेल तर जॉज जरूर बघा. स्वतःच्या खिशातून घ्यायचं असेल तर माझ्या कामात एनव्हीडीएने कुठे हात आखडल्याचं मला आठवत नाही.

नवीन शिकणाऱ्याने नंबरपॅड असलेला मोठा कीबोर्ड घ्यावा, लॅपटॉपच्या कळांवर गोंधळ होतो. इअरफोन एकाच कानात घालावा. काउंटरवरचा सभासद आणि घरातली कुकरची शिट्टी दुसऱ्या कानाला ऐकू यायला हवी. एनव्हीडीए पेनड्राइव्हवरही चालतं, त्यामुळे सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या टेबलावर अडत नाही. आणि एकट्याने शिकू नका. वरळीला नॅब ही अंधांसाठी काम करणारी संस्था आहे, मुंबईच्याच सेंट झेवियर्स कॉलेजात एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आहे, तिथे फोन करून विचारा. एनव्हीडीए बनवणारी संस्था देणगीवर चालते. मी पगारातून जमेल तशी पाठवते, तुम्हीही जमल्यास पाठवा.