पांढरकवड्याहून लंडन: हैदराबाद, नागपूर-दोहा की मुंबई?

पोरगं लंडनला आहे अन् मायबाप पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत, अशा घरांसाठी लिहितो आहे. बहुतेक लोक आधी किलोमीटर बघतात, पण त्यात काही दम नाही. हैदराबाद ते हीथ्रो (लंडनचं विमानतळ) सरळ साधारण ७,७५० किमी, नागपूरहून मुंबईमार्गे ७,९०० च्या आसपास, अन् नागपूरहून कतारमधल्या दोहामार्गे ८,०५० च्या जवळपास, म्हणजे तिन्हीत फरक पडला तर तीनशे किमीचा, विमानाला तो अर्ध्या तासाच्या आतला.

खरा वेळ जातो रस्त्यात अन् वाट बघण्यात. नागपूरचं विमानतळ आपल्याला सोपं, हिंगणघाट-बुटीबोरी करत वर्धा रोडनं गेलं की शहरात शिरायच्या आधीच सोनेगाव लागते, अडीच-तीन तासात पोचतो. तिथून दोहा साडेचार तास, पुढे लंडन सात-सव्वासात, पण मधातला थांबा दोन तासाचाही असतो अन् आठ तासाचाही, तिकीट काढताना तो नीट बघा अन् त्या तारखेला नागपूर-दोहा फ्लाइट चालू आहे का तेही बघा. मुंबईमार्गे दीड तास अन् मग दहा तास, पण दोन तिकिटं वेगळी काढली तर बॅगा काढून घ्या, डोमेस्टिक विमान टर्मिनल १ ला उतरलं तर गाडी करून टर्मिनल २ ला जा, पुन्हा चेकइन करा. म्हाताऱ्या माणसाला हे एकट्यानं करायला लावू नका बाप्पा.

हैदराबादचं वेगळं आहे. पैनगंगेचा पूल ओलांडला की आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी, सगळा चौपदरी हायवे ४४, मेडचलपासून आउटर रिंग रोड धरला की शहरात न जाता थेट शमशाबादचं विमानतळ. साडेसहा-सात तास बसून राहावं लागते, कंबर दुखते हे खरं, पण पुढे ब्रिटिश एअरवेजचं एकच विमान, सुमारे साडेदहा तास, मधात कुठंच उतरायचं नाही.

घरून निघाल्यापासून धरलं तर तिन्ही वाटा वीस ते बावीस तासाच्या, दोह्याला थांबा लांबला तर पंचवीस. म्हणून माझं मत, पांढरकवडा, वणी, घाटंजीवाल्यांनी हैदराबादच धरावं. भंडारा-गोंदियावाल्यांना ते उलटं पडते, त्यांनी नागपूर-दोहा एकाच तिकिटावर घ्यावं म्हणजे बॅग सरळ लंडनलाच मिळते.

तिकिटावरची वेळ तिथली स्थानिक असते. लंडनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार अन् हिवाळ्यात साडेपाच तास मागं, म्हणून नुसत्या वेळा बघून प्रवास कमी वाटते. येताना वारं पाठीशी असते त्यामुळे तासभर तरी वाचतो. अन् व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, तिचे पैसे लागत नाहीत, अन् इंग्रजी येत नसलं तरी व्हीलचेअर ढकलणारा माणूस गेटपर्यंत सोबत येते.