रेनॉक्स डीसीआर-२५०: किटच्या टेलीझूमला +८ चा चष्मा

चाळिशी उलटलेल्या माणसाला पेपर वाचायला +१.५ किंवा +२ चा नंबर लागतो. रेनॉक्स डीसीआर-२५० हाही तसलाच जवळचा चष्मा, फक्त माणसाऐवजी लेन्सला लावायचा आणि नंबर थेट +८. जपानी बनावटीची छोटीशी लेन्स आहे, दोन गटांत तीन काचा. मागचे आटे ४३ मिमीचे, पुढचे ४९ मिमीचे. सोबत स्प्रिंगचा प्लास्टिकचा क्लिप-अडॅप्टर मिळतो. तो ५२ ते ६७ मिमी फिल्टर साइझच्या कुठल्याही लेन्सच्या तोंडावर चिमटा दाबून बसतो. कीटकांच्या फोटोसाठी खरी मॅक्रो लेन्स घ्यायचं बजेट नसेल आणि घरात ५५-२५० किंवा ७०-३०० मिमीची टेलीझूम पडून असेल, तर आजही पहिली शिफारस हीच.

आधी गणित बघू, कारण ही वस्तू कोणी घ्यावी ते त्यावरच ठरतं. +८ म्हणजे फोकल लेन्थ १००० भागिले ८, अर्थात १२५ मिमी. मूळ लेन्स अनंतावर, म्हणजे खूप लांबच्या वस्तूवर, फोकस करून ठेवली की तिच्या फोकल लेन्थला १२५ ने भागायचं, आलेला आकडा म्हणजे मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवर किडा प्रत्यक्षाच्या किती पट पडतो ते (१:१ म्हणजे जेवढ्यास तेवढा). २५० मिमीला दुप्पट, २०० ला १.६, १२५ ला बरोबर १:१, ७० ला जेमतेम ०.५६. कॅननच्या साध्या डीएसएलआरमधला एपीएस-सी सेन्सर २२.३ मिमी रुंद असतो, म्हणजे २५० मिमीला फ्रेममध्ये फक्त ११ मिमी रुंदी मावते. आंब्या-काजूवरची तांबडी ओंबील किंवा फुलोरी मधमाशी त्यात डोक्यापासून शेपटापर्यंत फ्रेम भरून बसते. रुईवरचा पिवळा मावा दोन मिलिमीटरचा, तोही ओळखू येण्याइतका मोठा दिसतो. १८-५५ लावून मात्र फार आशा ठेवू नका. ५५ ला मॅग्निफिकेशन ०.४४ भरतं आणि वाइडकडे गेलात की चारही कोपरे काळे पडतात. टेलीझूम नसेल तर हे प्रकरण तुमच्यासाठी नाही.

बाजारात +१, +२, +४, +१० असे चार फिल्टर एकत्र मिळतात आणि याच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. त्यांत एकच काच असते. सगळे रंग एका जागी आणणं एका काचेला जमत नाही, म्हणून मुंगीच्या मिशीला एका बाजूने जांभळी आणि दुसऱ्या बाजूने हिरवी किनार येते. रेनॉक्सच्या तीन काचा नेमकं तेच दुरुस्त करतात आणि जास्तीचे पैसे त्याचेच आहेत. एक्स्टेन्शन ट्यूबचा, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मधे लावायच्या पोकळ नळीचा, पर्याय ५० मिमी लेन्सवर चांगला, लांब झूमवर कुचकामी. १३, २१ आणि ३१ मिमीच्या तिन्ही ट्यूब जोडल्या तरी ६५ मिमी होतात. २५० च्या लेन्सवर त्याने जेमतेम पाव पटीची भर पडते. ५० वर १.३ पट मिळते, पण मग किडा काचेपासून चारपाच सेंटिमीटरवर येतो. एवढ्या जवळ कॅमेरा नेला की किडा थांबत नाही आणि प्रकाशही आत शिरत नाही.

रेनॉक्सची खरी मजा या अंतरातच आहे. लावल्यावर लांबचं काहीच दिसत नाही. फक्त काचेपासून साधारण ११-१२ सेंटिमीटरवरचा एक पातळ पडदा स्पष्ट असतो. झूम केलंत तरी हे अंतर जवळपास तेवढंच राहतं, बदलतं ते फक्त मॅग्निफिकेशन. म्हणून आधी ७० ते १०० मिमीवर किडा शोधा, फोकसमध्ये आणा आणि मग जागचे न हलता २०० पर्यंत झूम करा. थेट २५० वर शोधायला गेलात तर व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा धूर दिसत राहील आणि तेवढ्यात नाकतोडा उडून गेलेला असेल. खऱ्या १०० मिमी मॅक्रो लेन्समध्ये मोठं करायचं तर पुढे सरकावंच लागतं, त्यामुळे ही सोय तिथे नाही.

लावण्याची पद्धत अशी. रेनॉक्स न लावता लांबच्या झाडावर किंवा टॉवरवर ऑटोफोकस करा. मग लेन्स एमएफवर, म्हणजे मॅन्युअल फोकसवर, टाका. मग क्लिप लावा. यूव्ही फिल्टर असेल तर काढून ठेवा. नुसत्या काचा वाढतात, शिवाय स्वस्त फिल्टरच्या कडेवर क्लिपची पकडही नीट बसत नाही. कॅननच्या एसटीएम आणि निकॉनच्या एएफ-पी लेन्समध्ये फोकसची रिंग इलेक्ट्रॉनिक असते. कॅमेरा झोपला की ती फिरवून काही होत नाही आणि बंद करून चालू केला की आधीचा फोकस हललेला असू शकतो. त्यामुळे ऑटो पॉवर ऑफची वेळ वाढवून ठेवावी. ऑटोफोकस तांत्रिकदृष्ट्या चालतो, पण पुढेमागे घरघरत बसतो. इथे फोकस हाताने नव्हे, कंबरेतून करायचा असतो: रिंगला हात न लावता अख्खं शरीर मिलिमीटरभर पुढे झुकवायचं आणि डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबायचं.

क्लिप-अडॅप्टर हाच या वस्तूचा कच्चा दुवा. फांदीला जरा धक्का लागला की तो निसटतो, आणि रेनॉक्स चिखलात पडली तर आधी काच खाली जाते. त्यावर उपाय स्वस्त आहे. आपल्या लेन्सच्या साइझची स्टेप-डाउन रिंग, म्हणजे मोठ्या आट्यांवर छोटे आटे बसवणारी कडी, घ्या. कॅनन ५५-२५० एसटीएम आणि निकॉन एएफ-पी ७०-३०० डीएक्स या दोन्हींचा फिल्टर ५८ मिमीचा, म्हणजे ५८ ते ४३ ची रिंग. रेनॉक्स क्लिपमधून फिरवून काढायची, रिंगमध्ये फिरवून बसवायची आणि रिंग लेन्सवर. आता ती हलत नाही. सोनीच्या ५५-२१० चा फिल्टर ४९ मिमी आहे. त्यावर क्लिप बसतच नाही, रिंगच लागते. आटे बारीक असतात, तिरके अडकवून जोर लावला तर अल्युमिनियम कापलं जातं. आधी अर्धा फेरा उलटा फिरवायचा, टक् असा बारीक आवाज आला की सुलटा.

आता खोली, म्हणजे पुढेमागे किती भाग स्पष्ट येतो ते. २५० मिमीला एफ/११ वर (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं भोक लहान) स्पष्ट दिसणारी पट्टी साधारण ०.१ मिमीची, झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीएवढी. १२५ मिमीला, म्हणजे १:१ ला, तेच चार कागद होतात. म्हणून माशीचा डोळा कातीव आणि पंख धूसर येतात. लेन्सला दोष देऊन उपयोग नाही. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर इथे एक फायदा फार कमी जणांच्या लक्षात येतो. मॅक्रो लेन्स किंवा ट्यूब १:१ ला नेली की एफ/११ लिहिलेलं असूनही सेन्सरला पोचणारा प्रकाश साधारण एफ/२२ चा असतो. रेनॉक्समध्ये मूळ लेन्स अनंतावर असते, त्यामुळे एफ/११ हा एफ/११ च राहतो. प्रकाश फुकट जात नाही आणि एफ/१६ वर गेलात तरी चित्र फार मऊ होत नाही. रोजच्या कामाला एफ/११ ठेवावा. मूळ झूम पूर्ण उघडी, म्हणजे एफ/५.६ वर, कोपऱ्यात सैल पडते. एफ/८ नंतर सावरते.

टाचणी, म्हणजे चतुराच्या कुळातला काडीसारखा लांब किडा, टिपायची असेल तर २५० वर जाण्यात अर्थ नाही, ती मावणारच नाही. ८० मिमीवर या. साधारण ३५ मिमी रुंदी मिळते. मग कॅमेऱ्याची पाठ तिच्या अंगाला समांतर धरा, म्हणजे डोक्यापासून शेपटापर्यंत सगळं त्या एका पडद्यात येतं. बसलेली टाचणी पहाटे, दव असताना शोधावी. थंड अंगाने तिला उडता येत नाही आणि दहा-दहा मिनिटं ती हलत नाही. ऊन चढलं की खेळ संपला. किडा सुस्त व्हावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, तो कानाआड करा. आणि ११ सेंटिमीटरचं अंतर आग्या मोहोळासाठी नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता प्रकाशाचं. रेनॉक्सवर नाराज होऊन ती विकायला काढणाऱ्यांपैकी बहुतेकांचा खरा घोटाळा इथे असतो. एफ/११ ला, सावलीत, दुप्पट मॅग्निफिकेशनला हात स्थिर राहील असा शटर स्पीड मिळवायचा तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कुठल्या कुठे जातो. फ्लॅश हवाच. कॅमेऱ्याचा स्वतःचा पॉप-अप फ्लॅश वापरला तर बाहेर आलेल्या झूमची सावली थेट किड्यावर पडते. त्यामुळे गोडॉक्सचा टीटी५२० सारखा साधा मॅन्युअल फ्लॅश पुरेसा आहे, टीटीएलची, म्हणजे ताकद आपोआप ठरवणाऱ्या फ्लॅशची, गरज नाही. घेण्याआधी कॅमेऱ्याच्या हॉट शूच्या, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या, मधोमध गोल ठिपका आहे का बघा. कॅननच्या ३०००डी आणि २००डी मार्क टूवर तो नाही, त्यामुळे असा फ्लॅश शूवर लावून उडणारच नाही. मग फ्लॅश एस२ स्लेव्ह मोडवर (दुसऱ्या फ्लॅशची झपकी पाहून उडणारा मोड) ठेवून पॉप-अपच्या झपकीने उडवायचा. एस१ वर ठेवलात तर तो प्री-फ्लॅशलाच, म्हणजे फोटोआधीच्या मोजणीच्या झपकीलाच, उडून मोकळा होतो आणि फोटो काळा येतो.

डिफ्यूजर, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारा पडदा, घरी करा, विकतच्यापेक्षा चांगला होतो. टीव्ही-मिक्सरच्या खोक्यात येतो तो पांढरा पातळ फोम, २-३ मिमीचा, ३० बाय २० सेंटिमीटर. त्याची एक बाजू फ्लॅशच्या तोंडाला रबराने बांधायची आणि दुसरी कमानीसारखी वाकवून रेनॉक्सच्या पुढच्या कडेवर आणून टेकवायची. आतल्या बाजूने, फोमपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, ट्रेसिंग पेपरचा दुसरा थर. हे दोन थर एकमेकांना चिकटवू नका. मधल्या हवेच्या फटीतच प्रकाश पसरतो. किड्यापासून फोम पाच-सात सेंटिमीटरवर आला पाहिजे. परीक्षा सोपी आहे: चकचकीत पाठीचा भुंगेरा टिपा. पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसला तर डिफ्यूजर लहान किंवा लांब आहे. मोठा, मऊ कडांचा उजेडाचा पट्टा दिसला तर जमलं. या एका फोटोतून जेवढं कळतं तेवढं दहा व्हिडिओंतून कळत नाही.

सेटिंग: मॅन्युअल मोड, १/२००, एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश १/८ वर. फोम-पेपर साधारण दोन स्टॉप प्रकाश खातो (पाव हिस्साच उरतो), तेव्हा अंधार वाटला तर १/४. फोटो गोठतो तो फ्लॅशच्या झपकीने, शटरने नाही. त्यामुळे ताकद जितकी कमी तितकी झपकी लहान आणि हाताची थरथर कमी दिसते. पार्श्वभूमी ठार काळी येत असेल तर फ्लॅश तिथवर पोचत नाहीये. किड्यामागे पाच-सात सेंटिमीटरवर दुसरं हिरवं पान येईल असा कोन शोधा. फ्लॅशला चांगले रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घाला. साधे अल्कलाइन अर्ध्या तासात दमतात आणि ऐन वेळी फ्लॅश भरायला पाच-सात सेकंद घेतो.

डाव्या हाताने पानाचा देठ धरा आणि लेन्स त्याच हाताच्या मनगटावर टेकवा. किडा आणि कॅमेरा एकत्र हलू लागले की अर्धी थरथर गायब. फांदी हलवायची गरज पडू नये, पण पडलीच तर फार हळू. स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं, करायचं असेल तर फोटो फ्लॅशच्या भरण्याच्या वेगाने, शरीर केसभर पुढे सरकवत, आठ-दहा काढायचे. हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरमध्ये जोडले की डोळ्यापासून पंखाच्या मुळापर्यंत स्पष्टता येते. हलत्या मुंगीवर हे करू नका, सहा पायांच्या जागी अकरा दिसतात.

डीसीआर-१५० की २५०, हा नेहमीचा प्रश्न. १५० चा नंबर +४.८, अंतर वीस सेंटिमीटरच्या आसपास, २५० मिमीला १.२ पट. फुलपाखरं, चतुर, नाकतोडे हेच तुमचं गिऱ्हाईक असेल तर १५० घ्या. ते उडून जाण्याआधी चार फोटो जास्त मिळतील आणि फोकसही माफक चुकेल. मुंग्या, मावा, तुडतुडे, माशीचे डोळे हवे असतील तर २५०. पुढेमागे १०० मिमीची मॅक्रो लेन्स घेतलीत तरी २५० वाया जात नाही, तिच्यावर लावून १:१ चं सुमारे दुप्पट होतं.

किमती डॉलर आणि आयातीप्रमाणे हलतात, म्हणून आकडा लिहीत नाही. पण फ्लॅश, सेल, रिंग आणि रेनॉक्स मिळून खर्च एका नव्या मॅक्रो लेन्सच्या बराच आत राहतो. जुनी मिळाली तर काच उजेडासमोर तिरकी धरून बघा. मध्यभागी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, सोडून द्या. नव्यालाही पावसाळ्यात हाच धोका: रबरी कडा असलेला हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, आणि दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरायच्या. एसीतून थेट बाहेर काढाल तर काचेवर बाष्प बसतं. पिशवी बंद ठेवून अर्धा तास थांबा. शर्टच्या टोकाने पुसण्याचा मोह आवरा, काचेवरची चिखलाची कणी तिथेच ओरखडा पाडते. आधी ब्लोअर, मग मायक्रोफायबर.