तपकीर गल्ली: कॉम्प्युटर पहिल्यांदाच उघडणाऱ्यांनी तिथून काय आणावं

बुधवार पेठेतली तपकीर गल्ली म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं माहेर. पण घरचा डेस्कटॉप घाबरत घाबरत उघडणाऱ्यालाही पुण्यात याहून चांगली जागा नाही, कारण इथे वस्तू सुटी मिळते. सेल एकच हवा तर एकच घ्या. गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील, त्यामुळे मेट्रोने मंडईला उतरून चालत जाणं बरं.

पहिली गोष्ट सेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावरची, तारीख-वेळ सांभाळणारी नाण्यासारखी चपटी बॅटरी. काउंटरवर गर्दी असते, नुसतं ‘कॉम्प्युटरचा सेल द्या’ म्हणू नका, नंबर सांगा: सीआर २०३२. सीआर २०१६ दिसायला तसाच, व्यासही तोच २० मिलिमीटर, पण जाडी निम्मी. तो होल्डरमध्ये सैल बसतो. सुट्ट्या डब्यातला नको, सीलबंद पाकिटातला घ्या आणि दुकानात व्होल्टेज मोजायचं मीटर असेल तर तपासून मागा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. प्लग काढला की तारीख-वेळ बिघडते किंवा चालू करताना एफ-१ दाबा असं येतं, तेव्हा बहुधा एवढाच खर्च असतो. होल्डरच्या कडेची पत्री हलकेच मागे ढकलली की सेल स्वतः वर येतो; खालून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला तर होल्डर तुटतो. नवा बसवताना अधिकची बाजू वर, मग बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन तारीख घालायची.

दुसरी गोष्ट आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आतले भाग पुसायला. छोटी बाटली पुरते, फक्त ९९ टक्क्यांची आहे ना ते लेबलवर बघा. पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, ही तक्रार पावसाळ्यात हमखास. दमटपणाने रॅमच्या (बोर्डावर उभं बसणारं मेमरीचं कार्ड) सोनेरी पट्ट्यांवर पुट चढतं आणि संपर्क तुटतो. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच रॅमला हात घाला, तीही कडेने धरून. स्लॉटच्या दोन्ही कड्या उघडून रॅम काढायची, पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने एकाच दिशेने घासायच्या, चुरा झटकायचा, आयपीएने पुसून कोरडं होऊ द्यायचं. बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही टोकांना कड्या बंद होईपर्यंत दाबा. नवशिक्यांचं घोडं इथेच अडतं: मोडेल या भीतीने रॅम अर्धवट बसवली जाते. त्यापेक्षा जोर थोडा जास्तच लागतो. तरीही डिस्प्ले नाही आला तर एकेक रॅम वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून बघा.

थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वरच्या कूलरकडे नेणारा लेप, घ्यायची तर सिरिंजमधली. डबीतली पांढरी पेस्ट ट्रान्झिस्टरवाल्यांसाठी असते, प्रोसेसरला ती नको. जुनी पेस्ट आयपीएने पूर्ण पुसून मधोमध तुरीच्या दाण्याएवढा थेंब पुरतो, कूलर दाबला की तो आपोआप पसरतो.

आता गल्लीत काय घेऊ नये. जुनी रॅम स्वस्त मिळते, पण आपला बोर्ड डीडीआर ३ चा की डीडीआर ४ चा (या रॅमच्या दोन पिढ्या) हे माहीत नसेल तर पैसे वाया. खाचेची जागा वेगळी असते, एकाची दुसऱ्यात बसतच नाही. जुनी रॅम सोबत न्या आणि तिच्यावरचं लेबल दाखवून मागा. एसएसडी (डेटा साठवायची ड्राइव्ह) पक्क्या बिलाशिवाय, वॉरंटीशिवाय घेऊ नका. बिलाचा आग्रह धरला की काही दुकानदारांचा चेहरा बदलतो. तिथून निघा, शेजारी दुसरं दुकान आहेच.

एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, गेलाय अशी शंका असेल तर तो अख्खा बदलायचा, घरी उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतकी वीज राहू शकते.