झुलती फ्रिस्बी राइड: अकरा महिने आणि एक पावसाळा काढल्यावर

दिवाळीच्या सुट्टीत सुरू झालेल्या 24 आसनी फ्रिस्बीला (लांब हाताच्या टोकाला स्वतःभोवती फिरणारी आसनांची गोल डिस्क, आणि तो हात झोक्यासारखा झुलतो) आता अकरा महिने झाले. मे महिन्यातली गर्दी आणि घाटाखालचा पाऊस, दोन्ही तिने काढलं. झोका म्हणून ती अव्वल आहे. पण रोज सकाळी दीड तास तिच्यासाठी राखून ठेवावा लागतो, आणि खरेदीच्या वेळी हे कोणी बोलत नाही.

वरच्या अक्षापासून आसनापर्यंत साधारण 12 मीटर अंतर, झोका दोन्ही बाजूंना 120 अंशांपर्यंत. झोका 90 अंशांवरून परतला, तर त्या टोकाला क्षणभर वजन उरतच नाही. 120 वर माणूस निम्म्या वजनाने हार्नेसवर, म्हणजे त्याला सीटशी धरून ठेवणाऱ्या अडसरावर, येतो आणि उतरताना तळाशी हिशेबाने चौपट वजन अंगावर पडतं. एक पूर्ण हेलकावा साडेनऊ सेकंदांच्या आसपास. जत्रेतल्या कोलंबसात टोकाच्या सीटसाठी रेटारेटी होते. इथे डिस्क स्वतःभोवती फिरत असल्यामुळे कुठेही बसा, पोटात गोळा सारखाच येतो.

माहितीपत्रकातला तासाला 480 माणसांचा आकडा विसरून जा. तो तीन मिनिटांची फेरी धरून काढलेला आहे. झोका दोन मिनिटांचा असला, तरी बसवणं, तपासणं, उतरवणं यात आणखी साडेतीन मिनिटं जातात. म्हणजे सगळी आसनं भरली तरी तासाला 260. चपला, चष्मे, मोबाइल ठेवायचं कपाट चढायच्या बाजूला होतं, त्यामुळे उतरलेली माणसं उलटी फिरायची. ते बाहेर पडायच्या वाटेवर हलवल्यावर खोळंबा बराच कमी झाला.

पॅनलवरचा हिरवा दिवा फक्त खटका बसल्याचं सांगतो, माणूस नीट आवळला गेलाय का ते सांगत नाही. म्हणून दोन ऑपरेटर विरुद्ध दिशांनी फिरतात आणि प्रत्येक हार्नेस वर ओढून, पट्टा झटकून पाहतात. ओढणी आणि पदर आत खोचल्याशिवाय फेरी सुटत नाही. 140 सेंटीमीटरखालच्या मुलांना नाही म्हणजे नाही, पालक कितीही चिडले तरी.

पावसाळ्यात राइड सर्वांत जास्त वेळा बंद पडली ती हार्नेसच्या सेन्सरमुळे. सेन्सर धडधाकट होते, पाणी शिरत होतं केबलच्या कनेक्टरमध्ये. जोडणी तोंड वर करून दिलेली, म्हणजे थेंब केबलवरून ओघळून थेट पिनांवर. एका सीटचा सिग्नल तुटला की सगळ्यांना उतरवा. कनेक्टर खाली तोंड करून बसवले, कनेक्टरच्या जरा अलीकडे केबलला लोंबता वळसा दिला, पिनांना सिलिकॉन ग्रीस लावलं आणि हा त्रास जवळपास संपला. कंट्रोल पॅनलमध्ये रात्री दव धरतं, त्यासाठी आतला छोटा हीटर मेन स्विच बंद असतानाही चालू राहील अशी वेगळी लाइन ओढून घ्या.

सकाळच्या दीड तासातला मोठा वाटा वरच्या अक्षाच्या आणि गोंडोलाच्या (आसनांच्या डिस्कच्या) बेअरिंगला जातो. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून फ्लँजपर्यंत (बोल्ट ज्यात बसतो त्या कडेपर्यंत) पिवळ्या रंगाची सरळ रेघ ओढलेली असते. ती सांध्यावर तुटलेली दिसली, की बोल्ट फिरलाय. तो नुसता आवळून पुढे जायचं नाही. शेजारचे बोल्ट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलंय ते दाखवणाऱ्या पान्याने) तपासायचे आणि ढिला झालेला बदलायचा. सीलमधून बाहेर आलेलं ग्रीस चिमटीत घेऊन उन्हात धरा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, चंदेरी कण चमकले तर बेअरिंग झिजतंय.

वेल्डची डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, म्हणजे रंग मुरवून भेगा शोधायची चाचणी) दर तीन महिन्यांनी करतो. रंग खरवडून जागा साफ करायची, लाल डाय मारून 10 ते 20 मिनिटं थांबायचं. मग क्लीनर फडक्यावर घेऊन पुसायचं, जागेवर थेट फवारायचं नाही, नाहीतर भेगेतली डायही धुतली जाते. वर पांढरा डेव्हलपर. भेग असेल तर पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटते. पण ही टेस्ट फक्त पृष्ठभागापुरती. ओहायोच्या जत्रेत जुलै 2017 मध्ये तुटलेली फायरबॉल राइड 18 वर्षं जुनी होती आणि तिची पोकळ तुळई आतून गंजलेली होती. जुलै 2019 मध्ये अहमदाबादच्या कांकरियात झुलती राइड तुटून दोघांचा जीव गेला. म्हणून पोकळ हाताच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने (ध्वनिलहरींनी बाहेरूनच जाडी मोजणाऱ्या यंत्राने) मोजून सुरुवातीच्या आकड्याशी ताडून पाहतो. सुरुवातीचं मोजमाप राइड उभारतानाच करून घ्या, नंतर तुलनेला काही उरत नाही.

वीज गेली तर घाबरायचं कारण नाही, हात हळूहळू आपोआप तळाशी येऊन थांबतो. अडतं पुढे: चढण्या-उतरण्याचा प्लॅटफॉर्म हातपंपाने वर घ्यावा लागतो आणि हार्नेस एकेक करून चावीने सोडावे लागतात. याचा सराव महिन्यातून एकदा घड्याळ लावून करा. जनरेटर सरासरी लोडवर निवडू नका. मोटरी दर हेलकाव्याला जोर लावतात आणि सोडतात, त्या चढ-उतारात तो गुदमरतो आणि मोटरी चालवणारा ड्राइव्ह ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो.

निर्मात्याचं मॅन्युअल आपल्याकडच्या पावसाबद्दल गप्प आहे. सुटे भाग मागवले तर आठवडे जातात. ऑर्डर देतानाच 6 सेन्सर, स्लिप रिंगच्या (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कड्यांच्या) कार्बन ब्रशचे 2 संच आणि बेअरिंगच्या बोल्टांचा 1 पूर्ण संच करारात लिहून घ्या.