ठाण्यातली कोठडी की सामाईक लॉकअप?

नव्या पोलीस ठाण्यात कोठडी बांधायची, की मुंबईसारखं काही ठाण्यांना मिळून एक जनरल लॉकअप ठेवायचं? आराखडा करणाऱ्या एका मित्राचा हा प्रश्न.

बांधकामाचा खर्च एकदाच होतो. खरा पैसा जातो पहाऱ्यावर. आत एकच आरोपी असला तरी रात्रंदिवस गार्ड लागतो. महिला आरोपी असेल तर महिला पोलीसही. सामाईक लॉकअपमध्ये हा भार वाटला जातो. अटकेत दर ४८ तासांनी करायची वैद्यकीय तपासणीही एकत्र उरकता येते.

कॅमेऱ्यांत मात्र फारशी बचत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे ते प्रत्येक ठाण्यात हवेतच, कोठडी असो वा नसो.

सामाईक लॉकअपची बचत रस्त्यावर जाते. चौकशीसाठी आरोपीला आणा, परत सोडा. दर वेळी गाडी, डिझेल, सोबत शिपाई. २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं असताना गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हे अंतर परवडत नाही. भेटायला येणाऱ्या घरच्यांचा एसटीचा खर्च तर कुठल्याच हिशेबात धरत नाहीत, तो धरायलाच हवा.

दाट वस्तीच्या शहरात, ठाणी जवळजवळ असतील तर सामाईक लॉकअप. विरळ तालुक्यात ठाण्यातलीच कोठडी, पण पहाऱ्यात काटकसर न करता.