गोदामातला ब्रंच: आठ महिन्यांनंतर

गेले आठ महिने महिन्यातून दोन-तीन रविवार मी या कॅफेत ब्रंचला जाते. कधी एकटी, कधी मैत्रिणींबरोबर, पण बहुतेक वेळा आई-बाबांना घेऊन. पहिल्या भेटीनंतर लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, चौथ्या भेटीनंतर नुसती तक्रार. म्हणून थांबले होते.

जागा म्हणजे मालाचं जुनं गोदाम. उघड्या विटांच्या भिंती, वर लोखंडी कैच्या, छत दोन मजले उंच. एका भिंतीवर मालाच्या खणांचे रंगवलेले आकडे अजून आहेत, ते त्यांनी पुसले नाहीत याचा मला फार आनंद आहे. मोठा सरकता दरवाजाही जुन्याच रुळावर आहे. सकाळी तो उघडा असतो तेव्हा ऊन थेट तिसऱ्या टेबलापर्यंत येतं.

पण गोदाम माणसांसाठी बांधलेलं नव्हतं, हे दारातच कळतं. ट्रकमधला माल सरळ आत सरकवता यावा म्हणून अशा इमारतींची जमीन रस्त्यापासून साधारण चार फूट उंच ठेवतात. म्हणजे आत जायला सात पायऱ्या. आईचे गुडघे दुखतात, तिला त्या जमत नाहीत. बाजूने उतार आहे आणि तो नीट काढलाय. बारा फुटांना एक फूट चढ, म्हणजे चार फुटांसाठी अठ्ठेचाळीस फूट लांबी लागते, म्हणून तो मध्ये वळण घेऊन वर येतो. फक्त सुरुवातीचे दोन महिने त्या वळणावर दुधाचे क्रेट रचलेले असायचे. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्या वेळेपासून उतार मोकळा मिळाला आणि आजवर मोकळाच आहे.

खाण्यात मी सगळ्यात जास्त वेळा पोच्ड अंडी (कवच फोडून गरम पाण्यात शिजवलेली) आणि हॉलंडेज सॉस मागवलाय. कुठल्याही ब्रंचच्या स्वयंपाकघराची परीक्षा याच डिशमध्ये होते असं माझं ठाम मत आहे. इथलं अंडं गोल, आटोपशीर येतं, पांढऱ्याच्या चिंध्या नसतात. विचारल्यावर कळलं की अंडं पाण्यात सोडण्याआधी ते बारीक जाळीच्या गाळणीत घेतात. पांढऱ्याचा पातळ भाग गळून जातो, घट्ट भाग बलकाभोवती राहतो. सुरी लावली की बलक सावकाश खाली येतो आणि ब्रेडच्या भोकांत शिरतो. सावरडोचा, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा, ब्रेड जाड कापलेला, कडेला चांगला करपूस, आतून ओलसर आणि आंबूस. हे आठ महिन्यांत एकदाही घसरलं नाही.

सॉसचं मात्र तसं नाही. हॉलंडेज म्हणजे बलकात थेंबथेंब मिसळलेलं बटर. ते साठ अंशांच्या आसपास कोमट ठेवावं लागतं. त्याच्या बरंच वर गेलं की बलक शिजून गुठळ्या होतात, फार गार झालं की बटर गोठून सॉस फाटतो. सकाळी साडेनऊला तो रेशमासारखा येतो. रविवारी साडेबाराला, बाहेर रांग लागलेली असताना, माझ्या ताटलीत दोनदा फाटलेला आला. पिवळं तूप एकीकडे, रवाळ चोथा एकीकडे. दोन्ही वेळा न कुरकुरता बदलून दिला, एकदा बिलातूनही काढला, पण वीस मिनिटं गेली आणि तोवर बाकीच्यांचं खाणं संपलं होतं. तेव्हापासून आम्ही दहाच्या आत पोचतो.

कॉफी उत्तम. दूध कधी जळकं लागलं नाही, एवढं पुरे. पॅनकेक देखणे आहेत, पण मला फार गोड वाटतात. शाकशुका (टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेली अंडी) मागवायचा असेल तर ब्रेड आधीच जास्तीचा सांगा.

आता मुख्य गोष्ट, आवाज. बाबांना श्रवणयंत्र आहे. ते यंत्र समोरच्याचं बोलणं वाढवतं, तशीच बशांची खणखण आणि पाठीमागच्या टेबलावरचं हसणंही वाढवतं. वीट, पत्रा, काँक्रीट, काच यांतलं काहीच आवाज पीत नाही. गर्दी वाढली की प्रत्येकजण नकळत आवाज चढवतो आणि त्यामुळे गोंगाट आणखी वाढतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली हे मांडलं होतं, त्यांच्याच नावाने तो परिणाम ओळखला जातो. चौथ्या भेटीत बाबांनी जेवण अर्धं झाल्यावर यंत्र काढून खिशात ठेवलं आणि उरलेला वेळ ते खिडकीकडे बघत बसले. आम्ही तिघं एका टेबलावर होतो आणि ते एकटे होते. घरी येऊन मी रडले.

ब्रंच हा शब्द छापील स्वरूपात १८९५ साली गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने आणला. रविवारी उशिरा जेवावं, कारण ते जेवण माणसाला बोलतं करतं, असा त्याचा एक मुद्दा होता. योगायोगाने त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन हा भौतिकशास्त्रज्ञ एका व्याख्यानगृहाचा दोष शोधायला लागला. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांपर्यंत घुमत राही. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून तो एकेक मोजत गेला आणि मऊ वस्तूंनी घुमणं किती कमी होतं ते त्याने आकड्यांत मांडलं. हे सगळं मी नंतर वाचलं, आणि वाचून व्यवस्थापकांना सविस्तर पत्र लिहिलं.

त्यांनी ऐकलं. पाचव्या महिन्यात माळ्याखालच्या भागात छताला जाड फेल्टचे पॅनेल आले, खुर्च्यांच्या पायांना रबर लागलं. फरक टाळी वाजवली तरी कळतो. मधल्या हॉलमध्ये टाळी वर जाऊन परत येते, माळ्याखाली ती तिथेच थांबते. आता आम्ही कोपऱ्यातलं टेबल घेतो, बाबांची पाठ भिंतीकडे आणि तोंड आमच्याकडे. गेल्या रविवारी आई ब्रेडबद्दल काहीतरी पुटपुटली आणि बाबांनी पहिल्याच वेळी उत्तर दिलं. मग दुसरी कॉफी मागवली आणि आम्ही साडेअकरापर्यंत बसलो.

मधल्या हॉलला मात्र अजून काही लावलेलं नाही. तिथेही पॅनेल लावा, असं मी परवा पुन्हा सांगून आले. घरातलं वयस्कर माणूस बरोबर असेल तर टेबल फोनवरच सांगा, आणि माळ्याखालचंच मागा.