बूस्ट लॉगर झकास, त्याची नळी भिकार : दिवाळीपासून वापरून राहिलो त्याचा अनुभव

बूस्ट म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो तो हवेचा जास्तीचा दाब, आणि तो लिहून ठेवणारा डब्बा म्हणजे बूस्ट लॉगर. आधी नळीवर बोलतो, डब्ब्याचं नंतर. इंजिनात हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डपासून सेन्सरपर्यंत जोडायला जी काळी, मऊ सिलिकॉनची नळी सोबत येते, ती साडेअकरा हजाराच्या वस्तूसोबत द्यायची हिंमत कशी होते ह्या लोकांची, मला खरंच समजत नाही. फेब्रुवारीत गाडी टेम्पोत टाकून सातशे किलोमीटरच्या वर नेली, लोणावळ्याकडच्या धावपट्टीवर, ड्रॅग रेसला. लाईनीत उभं राहून राहून बोनेटखाली नुसती आग, नंबर आला, लॉन्च मस्त बसला, दिवसातली सगळ्यात चांगली रन तीच. उतरून कार्ड काढलं, मोबाईलला लावलं, तर पहिला गिअर पूर्ण, दुसरा अर्धा आणि तिथून बूस्टची रेघ धपकन शून्यावर, ते थेट ४०२ मीटर संपेपर्यंत शून्यच. बोनेट उघडलं तर नळी निपलवरून निसटून बॅटरीच्या बाजूला लोंबून राहिली होती. टायमिंगची चिठ्ठी हातात आहे आणि तो टायमिंग कसा आला ते कुठंच लिहिलेलं नाही. पोट्टे म्हणे जाऊ दे ना भाऊ, टाइम तर आला. अरे टाइम आला ते मलाही दिसते, पण पुन्हा तोच आणायचा कसा?

कंपनीचं नाव लिहीत नाही, ज्याच्याकडे हा डब्बा आहे तो नळीवरूनच ओळखेल. स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीतच आहे, ३ बारचा सेन्सर, सेकंदाला ५० नोंदी, मेमरी कार्ड, दोन जास्तीचे इनपुट. माझी गाडी म्हणजे जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस, १.८ टर्बो पेट्रोल, टर्बो आता मोठा टाकलेला आहे. गाव हिंगणघाटच्या पुढे, कुरिअरवाला गावापर्यंत येत नाही, त्यामुळे पार्सल आणायचं पेट्रोलही ह्याच्याच खात्यात धरा.

घेतला काहून ते सांगतो. आधी लॅपटॉपवर व्हीसीडीएस (ह्या गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर) लावून ११५ नंबरचा ब्लॉक बघायचो. आरपीएम, लोड, ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, मागितलेलं बूस्ट आणि प्रत्यक्षात मिळालेलं बूस्ट, चारही शेजारी शेजारी दिसतात, केबल घरी असेल तर आजही पहिले तेच बघा. पण जुन्या के-लाईनवर, म्हणजे ईसीयूशी बोलायच्या त्या संथ वायरवर, सेकंदाला मोजक्याच नोंदी येतात. गिअर टाकताना बूस्ट पडते आणि वापस चढते, तो सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा, त्यात तुमच्या वाट्याला येणार एक ठिपका, नशीब असलं तर दोन. घरच्यांना हे सांगून काही फायदा नाही, पण माझ्या मामाला पटकन समजलं. तो शंकरपटाचा माणूस, अर्ध्या सेकंदात बैलजोडी कुठून कुठं जाते ते त्याला शिकवायची गरज नाही.

ब्लूटूथचं स्वस्त डोंगलही वापरून झालं आहे. ओबीडीमध्ये, म्हणजे गाडी तपासायच्या सॉकेटवर, मॅनिफोल्ड प्रेशरच्या नेहमीच्या नोंदीला एकच बाइट दिलेला आहे, म्हणजे आकडा ० ते २५५ किलोपास्कल (शंभराचा एक बार), आणि तोही ॲब्सोल्यूट, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून. त्यातून बाहेरच्या हवेचे शंभराच्या आसपास वजा करा, उरलं दीड बारच्या थोडं वर बूस्ट. त्याच्या पुढे टर्बो कितीही ढकलो, मोबाईलवर २५५ चे २५५च. रोजच्या गाडीला चालते, ड्रॅगच्या गाडीला काही कामाचं नाही.

आता माझं मत कसं फिरलं ते. डब्बा लावला तेव्हा तो आणि ईसीयू एकमेकांशी जुळतच नव्हते आणि मी हा माल वापस करायच्याच बेतात होतो, खोकंसुद्धा जपून ठेवलं होतं. मग एका रात्री दोन्ही फाईली आरपीएमप्रमाणे एकाखाली एक लावल्या. खाली दोन्ही रेघा बरोबर सोबत चढतात. अडीच बार ॲब्सोल्यूटच्या थोडं वर गेलं की ईसीयूची रेघ एकदम सपाट, डब्ब्याची मात्र त्याच्याही वर जाते आणि तिथं जराशी हलत राहते. खरा दाब कधी असा सपाट राहत नाही, थोडा तरी थरथरतो. गाडीचा मूळ सेन्सरच अडीच बारचा आहे, त्याच्या वरचं त्याला दिसतच नाही. म्हणजे इतके दिवस ईसीयूला वाटून राहिलं होतं की मागितलं तेवढं मिळालं, आणि वर किती चाललं आहे त्याचा कोणालाच पत्ता नाही. खोकं दुसऱ्या दिवशी रद्दीत दिलं.

इथपर्यंत मी कंपनीवर खूश होतो बरं का. मग फेब्रुवारी झाला.

वापस आल्यावर फोन लावला. तिकडचा माणूस म्हणे, सर वो पाइप कन्झ्युमेबल है, वॉरंटी में नहीं आता. नवीन किती? साडेसहाशे, कुरिअर वेगळा. मीटरभर नळीचे साडेसहाशे! मी म्हटलं क्लिप तरी द्या निपलवर दाबायला, तर म्हणे क्लिपची गरजच नाही, सिलिकॉन ग्रिप पकडते. पकडते ना, डिसेंबरात पकडते. आमच्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ होते, बोनेटखालचं तर विचारूच नका, तिथं मऊ सिलिकॉन आणखी ढिलं पडते आणि आतून दीड बार ढकलून राहिला. मेल केला, फोटो पाठवले, उत्तर आलं की आपका फीडबॅक नोट कर लिया है. बस.

मग हिंगणघाटला ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या दुकानात गेलो. डिझेल इंजेक्टरला वरून जो रिटर्नचा बारीक पाईप असतो ना, काळं रबर आणि वरून सुताची वीण, तो मागितला. दुकानदार म्हणे, "कोन्त्या ट्रॅक्टरले पाह्यजे?" मी म्हटलं ट्रॅक्टर नाही काका, कारला, रेसच्या. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग पाईपाकडे, म्हणे, "मंग दोन मीटर घेऊन जाय, सुटला तं वापस एवढ्या दूर येशीन काय." दोन मीटर घेतला, दोन बारक्या क्लिपा घेतल्या, आणि जे बिल झालं त्यात कंपनीच्या नळीचा कुरिअरसुद्धा निघाला नसता.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. जुनी नळी कापून बघितली तर सेन्सरकडच्या टोकात आत पितळेचा एक छोटासा दाणा, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. रिस्ट्रिक्टर. काट्याच्या गेजमध्ये असा टाकतात, काटा थरथरू नये म्हणून, तिथं ठीक आहे. पण तुम्ही सेकंदाला ५० नोंदी घेणारा डब्बा विकून राहिले आणि त्याच्या तोंडात बूच घालून देता? मीटरभर मऊ नळी, वरून हे भोक, म्हणजे दाब सेन्सरपर्यंत पोचेपर्यंत त्याची धार बोथट झालेली. मी सेन्सर मॅनिफोल्डच्या जवळ आणला, निपल खाली तोंड करून, म्हणजे ऑइल-पेट्रोलची वाफ जमली तरी ती खाली उतरते, सेन्सरात साचत नाही. मध्ये वीतभर वीणवाला पाईप, दोन्हीकडे क्लिप, रिस्ट्रिक्टर नाही. आणि बाकीच्या नळ्यांमध्ये टी मारू नका, डायव्हर्टर व्हॉल्व्ह आणि फ्युएल रेग्युलेटरच्या नळीत तर बिलकुल नाही, सरळ मॅनिफोल्डवरून वेगळा निपल काढा.

एमआयडीसीतल्या सामसूम रस्त्यावर, दोन्ही टोकांना पोट्टे उभे करून, तिसऱ्या गिअरमध्ये तीच ओढ परत मारली. सॉफ्टवेअर तेच, पेट्रोल तेच. जुन्या नळीत बूस्ट गुळगुळीत चढून १.५ च्या आसपास बसायचं, बघायला इतकं सुंदर की प्रिंट काढून भिंतीला लावावं. नवीन पाईपात टर्बो भरताना, ३,५०० आरपीएमच्या आसपास, एक टोक उभं राहिलं, १.७ च्याही वर, क्षणभर, आणि मग खाली येऊन १.५ वर बसलं. म्हणजे ते टोक आधीपासून तिथंच होतं, नळी लपवून ठेवत होती. ज्यांना हे इंजिन माहीत आहे त्यांना सांगायला नको, ह्याचे स्टॉक कनेक्टिंग रॉड ही कमजोर जागा, आणि रॉड वाकवते ती वरच्या आरपीएमची पॉवर नाही, खाली एकदम येणारा टॉर्क वाकवते. तेवढ्या जागी बूस्टवर लगाम ठेवणाऱ्या वेस्टगेटच्या सोलेनॉइडची ड्युटी कमी केली, टोक जवळजवळ गेलं, आणि गंमत म्हणजे पुढची चाकं पण कमी घसरायला लागली. हे सगळं त्या पितळी दाण्यामुळे दिसलं नसतं, आणि कंपनी म्हणते कन्झ्युमेबल!

आणि हो, समृद्धीवर हे धंदे करू नका, तिथं १२० ची लिमिट आहे आणि समोर बाकीच्यांचे लेकरंबाळं गाडीत असतात.

दुसरी खोड लहान आहे पण लिहून ठेवतो. चावी फिरवली की हा डब्बा त्या वेळचा बाहेरचा दाब शून्य धरते. कल्पना चांगली आहे, कारण हिंगणघाटात बाहेरचा दाब ९९ किलोपास्कलच्या आसपास आणि लोणावळ्याला, सव्वासहाशे मीटर उंचीवर, ९४ च्या आसपास, जिथं जाल तिथलं शून्य तो घेते. पण बॅटरी जराशी जुनी असली आणि स्टार्टर मारताना व्होल्टेज पडलं की डब्बा मध्येच बंद होऊन परत चालू होते, तोवर इंजिन सुरू, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम, आणि तो ते व्हॅक्यूमच शून्य धरून बसते. मग स्क्रीनवर सगळं बूस्ट ०.६ च्या आसपास जास्त. ओळखायला सोपं आहे, आयडलला स्क्रीनवर मायनसऐवजी शून्य दिसलं की समजा गडबड झाली. फाईलमध्ये ॲब्सोल्यूटचा वेगळा कॉलम असते, त्याला काही होत नाही, ट्यूनिंग त्याच्यावरच करा. कंपनी म्हणते नवीन बॅटरी टाका. गाडीची बॅटरी काय ह्यांच्या डब्ब्यासाठी बदलू? फवारणीच्या बॅटरी पंपातली १२ व्होल्टची बॅटरी घरी पडलीच होती, तिच्यावर डब्बा वेगळा चालवून राहिलो, ग्राउंड तेवढा कॉमन ठेवला. तेव्हापासून शून्य हललं नाही. फवारणीच्या दिवसात बाबा ती काढून नेतात, तेव्हा मग गाडी बंद.

फायदा झालेला एक प्रसंग पण सांगितला पाहिजे, नाहीतर म्हणाल हा नुसता रडतो. मार्चमध्ये फाईलीत दिसलं की ईसीयूने मागितलेलं आणि मिळालेलं ह्यात ५,००० च्या वर अंतर वाढून राहिलं, आणि तेही हळूहळू, दर फाईलीत थोडं जास्त. गाडी चालवताना काहीच जाणवत नव्हतं. पंचरवाल्याकडे गेलो, पीव्हीसीच्या एंड कॅपला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून टर्बोच्या तोंडाला लावली, कॉम्प्रेसरने एक बारपर्यंत हवा भरली, साबणाचं पाणी मारलं. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या पाईपाला क्लॅम्पपाशी बुडबुडे. क्लॅम्प बदलला, अंतर गेलं. टर्बो थकला म्हणून कोणी नवीन गळ्यात मारला असता तर काय करणार होतो?

बाकी स्क्रीन उन्हात दिसत नाही, बझर बंद करता येत नाही, मॅन्युअलमध्ये मराठी सोडा, हिंदी पण नाही. चालते.

घ्यायचा का? घ्या. दीड बारच्या खाली चालवत असाल तर केबल आणि ११५ चा ब्लॉक पुरे, पैसे टायरात घाला. त्याच्या वर असाल तर सेन्सर आणि नोंदींचा वेग ह्या दोन गोष्टींना मला तोड सापडली नाही ह्या किमतीत. तीन स्टार दिले आहेत, चौथा नळीचा कापला, पाचवा त्या फोनवरच्या माणसाचा.

आता जास्तीच्या इनपुटला इनटेकच्या हवेचा टेंपरेचर सेन्सर लावायचा आहे, कारण बूस्ट म्हणजे दाब, हवा किती गेली ते त्याच्यात दिसत नाही. डिसेंबरच्या सकाळी १५ डिग्री आणि मेच्या दुपारी ४५, दाब तोच धरला तरी हवा नऊ-दहा टक्के कमी भरते. आणि इंटरकूलर तापला की ट्रॅकवर ओळीने रन मारताना दर वेळी टाइम काहून घसरते ते ह्याच आकड्यात सापडेल असं मला वाटते. कंपनी त्या सेन्सरचे आणि वायरचे मिळून अडीच हजार सांगून राहिली. नागपूरला भंगारातल्या गाडीचा मिळाला तर बघतो, नाहीच मिळाला तर कापसाची पऱ्हाटी निघाल्यावर.